जिप्सीला सुपरचार्जर बसवणे : पुण्यात हे काम करण्यापूर्वी कशाचा विचार करावा?

आडवाट

नमस्कार. माझ्याकडे १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) जिप्सी किंग आहे. १२९८ घनसेंमीचे हे जी१३बीबी इंजिन कारखान्याच्या आकड्यांनुसार मिनिटाला ६००० फेऱ्यांना ८० अश्वशक्ती आणि ४५०० फेऱ्यांना १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. मूळ गाडी टनाच्या आसपास होती. आता पुढे विंचसह लोखंडी बंपर, वर कॅरिअर, मागे जादा कॅन आणि मूळच्या २०५/७० आर१५ टायरऐवजी २३५/७५ आर१५ मड टेरेन टायर आहेत. परिणामी वरंधा घाटात तिसऱ्या गिअरवर जी गाडी चढत असे, ती आता दुसऱ्यावर आणावी लागते, आणि पानशेत-वेल्ह्याच्या बाजूच्या चिखलाच्या वाटांवर टायर जेवढ्या वेगाने फिरायला हवेत तेवढे फिरत नाहीत.

इंजिन बदलण्याची माझी इच्छा नाही, कारण मूळ इंजिन निरोगी आहे आणि गाडी मला दीर्घकाळ ठेवायची आहे. इंजिनात जादा हवा कोंबण्यासाठी एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोपेक्षा सुपरचार्जरकडे मन ओढते, कारण तो बेल्टवर चालतो आणि खालच्या फेऱ्यांपासूनच दाब देतो. ऐसिन कंपनीचा एएमआर ५०० हा छोटा ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर, वापरलेल्या स्थितीत मिळू शकतो असे कळले आहे. या आकाराच्या इंजिनाला तो पुरेल का, त्यासाठी आणखी काय बदलावे लागेल आणि मुळात हा मार्ग योग्य आहे का, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

घाटमाथा

ब्लोअरकडे वळण्याआधी तुमची ताकद नेमकी कुठे कमी पडते आहे ते पाहू. २०५/७० आर१५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलीमीटर आणि २३५/७५ आर१५ चा सुमारे ७३३ मिलीमीटर असतो. म्हणजे केवळ टायर बदलल्यामुळे तुमचे संपूर्ण गिअरिंग जवळजवळ १० टक्क्यांनी उंच झाले आहे. घाटात तिसरा गिअर सुटण्याचे पहिले कारण हेच आहे, आणि वाढलेले वजन हे दुसरे.

जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरपेटीत) हाय रेंजचे प्रमाण १.४०९ आणि लो रेंजचे २.२६८ असते. याच ट्रान्सफर केसच्या सुझुकी सामुराई गाडीसाठी परदेशात लो रेंजचे प्रमाण ४.१६ करणारा गिअर संच गेली अनेक वर्षे वापरला जातो. त्यात लो रेंज सुमारे ८३ टक्क्यांनी खाली येते आणि हाय रेंजही सुमारे १२ टक्क्यांनी खाली येते. हाय रेंजमधली ही १२ टक्क्यांची घट तुमच्या टायरने वाढवलेले गिअरिंग जवळपास तंतोतंत भरून काढते. दगडांच्या चढावर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चाकापाशी जो टॉर्क मिळेल, तो कोणताही सुरक्षित ब्लोअर देऊ शकणार नाही, आणि इंजिनाच्या आतील एकाही भागावर त्याचा ताण येणार नाही. मी सुपरचार्जरच्या विरोधात नाही, परंतु ज्या कामासाठी गिअर असतात ते काम हवेच्या दाबाकडून करून घेऊ नये.

आडवाट

टायरचा हिशेब मी केला नव्हता, तो पटला. मात्र गिअर बदलले तरी अश्वशक्ती तेवढीच राहते. ताम्हिणीत ट्रकच्या मागून बाहेर पडताना किंवा दिवेआगरच्या बाजूला सुट्या वाळूत, जिथे चाके वेगाने फिरत ठेवावी लागतात, तिथे फक्त गिअरिंगने भागत नाही. तेव्हा ब्लोअरच्या बाजूने चर्चा पुढे चालू ठेवावी.

लेथ_भोसरी

तुमचा वाळूचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून थेट यंत्राबद्दल लिहितो. सुपरचार्जरचे तीन प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत. रूट्स प्रकारात दोन रोटर हवा ढकलतात, पण आत दाबत नाहीत. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेले हे यंत्र सुरुवातीला लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवत असे. ट्विन स्क्रू प्रकारात हवा रोटरांच्या मधेच दाबली जाते, त्यामुळे ती कमी तापते. सेंट्रिफ्यूगल प्रकार बेल्टवर चालणाऱ्या टर्बोच्या कॉम्प्रेसरसारखा असतो. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, म्हणून तो महामार्गावर चांगला आणि चिखलात जवळजवळ निरुपयोगी. तुमच्या कामासाठी पहिले दोनच प्रकार योग्य आहेत, आणि लहान आकारात मिळतो तो मुख्यतः रूट्स.

एएमआर ५०० एका फेऱ्यात ५०० घनसेंमी हवा ढकलतो. तुमचे चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात, भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर, सुमारे ५५० घनसेंमी हवा घेते. ब्लोअरमधून होणारी गळती आणि तापलेल्या हवेचे वाढलेले आकारमान धरून ०.४ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) जादा दाब हवा असेल, तर ब्लोअर क्रँकच्या १.७ ते १.८ पट वेगाने फिरवावा लागेल. क्रँक पुली १३० मिलीमीटरची असेल तर ब्लोअरची पुली साधारण ७५ मिलीमीटरची घ्यावी, आणि त्या हिशेबाने इंजिनाच्या ६००० फेऱ्यांना ब्लोअर १०,४०० फेऱ्यांवर जाईल. आकार पुरेसा आहे, पण याहून मोठ्या इंजिनाला तो अपुरा पडेल.

आता ज्या गोष्टीवर हे काम टिकते किंवा मोडते, त्या ब्रॅकेटबद्दल. लोक ब्लोअरवर पैसे खर्च करतात आणि ब्रॅकेट मात्र जाड पत्रा वाकवून, दोन वेल्ड मारून बसवतात. माझ्या कारखान्यात अशी एक गाडी आली होती, ज्यात बेल्ट वरचेवर उडत होता. बाहेरून पाहता सगळे सरळ दिसत होते. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दिला की ब्लोअर क्रँकच्या दिशेने एका बाजूने झुके आणि पुलीचा पुढचा काठ मागच्यापेक्षा आत जाई. बेल्टच्या एकाच कडेचे दोर उसवलेले होते आणि पुलीच्या खाचांत काळी रबराची भुकटी साचलेली होती. तिथे पत्र्याऐवजी १२ मिलीमीटरच्या ॲल्युमिनियम प्लेटमधून ब्रॅकेट मिल करून, तो ब्लॉक आणि हेड या दोन्हीऐवजी फक्त ब्लॉकच्या तीन बोल्टवर घेतला आणि ब्लोअरच्या मागच्या टोकालाही आधार दिला, तेव्हा बेल्ट जागेवर राहिला. भोसरीत किंवा चिंचवडमध्ये हे काम करणारे भरपूर आहेत. ड्रॉइंग मात्र तुम्ही स्वतः घेऊन जावे, तोंडी सांगून हे काम होत नाही.

व्ही-बेल्टवर हे काम करू नये. सहा खाचांचा रिब बेल्ट आणि स्प्रिंगचा टेन्शनर घ्यावा, आणि आयडलर अशा जागी बसवावा की ब्लोअरच्या पुलीला बेल्टचा निदान अर्धा वेढा मिळेल. ओढ्यातून जाताना चिखलपाणी बेल्टवर आले की तो घसरतो आणि दाब नाहीसा होतो, म्हणून खालच्या बाजूस पत्र्याचे आवरणही हवे.

तापमापक

मी इंजिन चाचणीच्या क्षेत्रात नोकरी केली आहे, त्यामुळे मला या धाग्यात उष्णतेची चर्चा सर्वांत आधी यायला हवी होती असे वाटते. सुपरचार्जर बसवणे म्हणजे उष्णता हाताळणे. दाब मिळवणे हा त्यातला सोपा भाग आहे.

पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे, म्हणून इथला हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. त्यावर ०.४ बार जादा दाब म्हणजे दाबाचे गुणोत्तर १.४२ झाले. एप्रिल-मे महिन्यात बॉनेटखालून ४५ अंशांची हवा आत गेली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही ती सुमारे ३४ अंशांनी तापेल. लहान रूट्स ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ही वाढ ६० अंशांच्या वर जाते. म्हणजे इंजिनाला १०५ अंशांची हवा मिळणार. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब ४२ टक्क्यांनी वाढूनही हवेचे वस्तुमान फक्त १९ टक्क्यांनी वाढते. ब्लोअर फिरवायला ५-६ अश्वशक्ती खर्च होतात, आणि एवढ्या तापलेल्या हवेमुळे नॉकिंग (ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटणे) टाळण्यासाठी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घ्यावे लागते. हाती उरते ते ८५ च्या जवळपास. एवढ्यासाठी कोणी हा खर्च आणि धोका पत्करू नये.

इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) लावून हवा ६५ अंशांपर्यंत खाली आणली, तर वस्तुमानातली वाढ ३३ टक्क्यांवर जाते आणि प्रत्यक्षात ९५ ते १०० अश्वशक्ती मिळतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : इंटरकूलर नसेल तर सुपरचार्जर बसवू नये. त्यातही हवेने थंड होणारा इंटरकूलर रेडिएटरपुढे लावला, तर ताशी ८-१० किलोमीटर वेगाने चढताना त्याच्यावर वारा येतच नाही, उलट रेडिएटरची हवा तो अडवतो. आपल्या वाटांसाठी पाण्याने थंड होणारा इंटरकूलर, त्याचा स्वतंत्र छोटा रेडिएटर, विजेचा पंप आणि पंखा ही मांडणी बरी. ती अवजड आहे, पण ताम्हिणीतही चालते आणि दगडांतही.

नॉकिंगबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इंजिने इथेच मरतात. रूट्स ब्लोअर २००० फेऱ्यांनाही जवळपास पूर्ण दाब देतो, आणि त्याचसाठी धागाकर्त्यांना तो हवा आहे. पण कमी फेऱ्या आणि पूर्ण ॲक्सिलरेटर ही नॉकिंगची सर्वांत वाईट अवस्था असते, कारण ज्योत पसरायच्या आत उरलेल्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. रस्त्यावरची गाडी या अवस्थेत क्षणभर असते. चढावर अडकलेली जिप्सी मिनिटभर असते. खडकाळ चढावर टायर, एक्झॉस्ट आणि पंख्याच्या आवाजात नॉकिंगचा टिकटिक आवाज चालकाला ऐकू येत नाही.

त्यामुळे प्लग वाचायला शिकणे आवश्यक आहे. जोरात चढ चढून इंजिन बंद करावे, थंड झाल्यावर प्लग काढावेत आणि मधल्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाकडे भिंगातून पाहावे. तिथे मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झाले आहे. चमकणारे रुपेरी कण दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. तेव्हा गाडी तिथेच थांबवावी आणि दाब कमी केल्याशिवाय पुन्हा जोर देऊ नये. मूळ इंजिनातले पिस्टन ओतीव असतात आणि सर्वांत आधी वरच्या दोन रिंगांमधली भिंत तुटते. ०.४ बार ही माझ्या मते मूळ पिस्टनची वरची मर्यादा आहे, सुरुवात ०.३ वर करावी.

घाटमाथा

तापमापक यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. टॉर्क वाढला की पुढच्या ॲक्सलचे सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारे सांधे) आणि मागचे हाफ शाफ्ट (चाकापर्यंतचे दांडे) यांचा प्रश्न येतो. मोठा टायर खाचेत अडकलेला, स्टीअरिंग पूर्ण वळवलेले आणि लो रेंजमध्ये जोर, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मूळ ताकदीच्या जिप्सीचाही पुढचा जॉइंट तुटतो. हे वाक्य माझ्या वरच्या ४.१६ च्या सल्ल्यालाही तितकेच लागू आहे.

इंधनवाही

इंधनाचा भाग मी घेतो. हवा ३३ टक्क्यांनी वाढली तर पेट्रोलही तेवढे वाढायला हवे. त्यात आता पंपावर मिळणारे सर्वसाधारण पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन ८ ते ९ टक्के जास्त सोडावे लागते. दोन्ही मिळून इंजेक्टरवरचा भार ४५ टक्क्यांपर्यंत वाढतो, आणि पूर्ण जोरात मिश्रण थोडे गडद (पेट्रोल जास्त असलेले) ठेवायचे म्हटल्यास त्याहून अधिक. जुन्या इंजिनाचे मूळ इंजेक्टर वरच्या फेऱ्यांवर हे करू शकणार नाहीत. इथेनॉलची एक जमेची बाजू अशी, की ते बाष्प होताना जास्त उष्णता शोषते आणि नॉकिंगला अधिक विरोध करते. ऑक्टेन ९५ किंवा १०० चे पेट्रोल पुण्यात मिळते, पण भोर सोडले की पुढे ते मिळेलच असे गृहीत धरू नये. ट्यूनिंग साध्या पेट्रोलवरच करावे. जुन्या गाडीतल्या रबरी इंधननळ्याही याच वेळी बदलून घ्याव्यात.

दुसरी अडचण ईसीयूची, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणाऱ्या संगणकाची. जी गाडी मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब मोजून इंधन ठरवते आणि जिचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो, तिला जादा दाब दिसतच नाही. दाब १.३५ बार झाला तरी ईसीयू १ बारच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ पडते. हलक्या ॲक्सिलरेटरवर ऑक्सिजन सेन्सर ही चूक दुरुस्त करतो, पूर्ण ॲक्सिलरेटरवर करत नाही. काही जण इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लावून वेळ मारून नेतात. त्याने इंधन वाढते, पण टायमिंग मागे जात नाही, आणि तापमापक यांनी लिहिलेले रुपेरी कण बहुधा अशाच गाड्यांत दिसतात. त्यामुळे स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, २.५ बारपर्यंत मोजणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर या चारही गोष्टी अंदाजपत्रकात धराव्यात. ब्लोअरपेक्षा यांवरच अधिक खर्च होईल, हे आधीच माहीत असलेले बरे.

नियमावली

सर्वांनी तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे, कायद्याची बाजू राहिली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मला दंडापेक्षा विम्याची चिंता अधिक वाटते. घाटात अपघात झाला, समोरची व्यक्ती जखमी झाली आणि तपासणीत इंजिनात न कळवलेला बदल आढळला, तर कंपनी दावा नाकारण्याचा प्रयत्न करील आणि ते ओझे मालकावर येईल. स्पर्धेसाठीची गाडी खासगी जागेत चालवणे आणि ट्रेलरवरून नेणे ही वेगळी गोष्ट आहे. धागाकर्त्यांची गाडी रोजच्या रस्त्यावर धावते, म्हणून आरटीओकडे आधी लेखी विचारणा करावी आणि उत्तर आल्याशिवाय काम सुरू करू नये, असे मी आग्रहाने सुचवतो.

हिरवी_जिम्नी

माझ्याकडे १.५ लिटरची जिम्नी आहे, १०५ पीएस आणि १३४ न्यूटन-मीटरची. गाडीची वॉरंटी चालू आहे. हा हिशेब तिलाही लागू होईल का?

तापमापक

उष्णतेचा हिशेब तोच लागू होतो. परंतु वॉरंटी चालू असताना इंजिनाला हात लावू नये. टायर मूळ मापाच्या जवळ ठेवावेत आणि वजन कमी ठेवावे, जिम्नीला एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

आडवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला आणि कागदावर हिशेब मांडला. पहिल्या टप्प्यात कॅरिअर आणि जादा कॅन काढतो, रेडिएटर साफ करून घेतो, चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि गळती तपासणी करतो. ४.१६ च्या गिअर संचाची चौकशी सुरू केली आहे. तोही बदलच असल्याने आरटीओला देण्याच्या पत्रात गिअर संच आणि ब्लोअर दोन्ही स्पष्ट लिहीन. ब्लोअर आज विकत घेणार नाही, कारण ईसीयू आणि पाण्याच्या इंटरकूलरसह पूर्ण खर्च एकाच वेळी पेलता येईल तेव्हाच हे काम करायचे, हे मनाशी ठरले आहे.

लेथ_भोसरी यांना एक विचारायचे आहे. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) ब्लोअरच्या आधी ठेवावा की नंतर? आणि सपाट रस्त्यावर ताशी ६० ने जाताना ब्लोअर विनाकारण हवा तापवत राहील, त्याला उपाय काय?

लेथ_भोसरी

थ्रॉटल ब्लोअरच्या आधी ठेवावा. मग हलक्या ॲक्सिलरेटरवर ब्लोअरही निर्वातातच फिरतो, त्याचा भार कमी होतो आणि आयडलिंगची हवा मूळ पद्धतीनेच मोजली जाते. त्याच्या जोडीला ब्लोअरच्या तोंडापासून मॅनिफोल्डपर्यंत एक बायपास व्हॉल्व्ह हवा. मॅनिफोल्डमध्ये निर्वात असेपर्यंत तो डायफ्रॅमच्या ओढीने उघडा राहतो आणि हवा वळसा घालून ब्लोअरच्या तोंडाशी परत येते. ॲक्सिलरेटर दाबून निर्वात संपला की स्प्रिंग तो बंद करते. त्याची निर्वाताची नळी थ्रॉटलच्या आधीच्या भागातून घेऊ नये, थेट मॅनिफोल्डमधूनच घ्यावी. ऐसिनच्या काही ब्लोअरांच्या पुलीवर वातानुकूलन यंत्रासारखा विद्युतचुंबकीय क्लच असतो. तसा मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा. खोल ओढ्यात उतरण्याआधी डॅशबोर्डवरच्या बटणाने ब्लोअर सोडवता येतो, बेल्ट ओला झाला तरी ओढला जात नाही आणि पलीकडे निघाल्यावर पुन्हा जोडता येतो. क्लचसह पुलीचा व्यास बदलतो, म्हणून ब्लोअर हातात आल्यावर आधी त्याचे माप पाठवा; क्रँक पुलीचे माप त्यानंतर ठरवू.